मामंजी, मी आणि गुरूवरचा डाग

लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी मी मामंजींशी एक शब्दही बोलले नव्हते. त्या काळी सुनेला सासऱ्याशी बोलायची गरजच पडत नसे. त्यांना पाणी हवं असलं की ते खाकरत, मी तांब्या-भांडं उंबऱ्याशी ठेवून मागे सरत असे. ते जेवायला बसले की वाढायचं काम सासूबाईंचं. मला त्यांचे पाय, खडावा आणि खोकला एवढं ओळखीचं होतं. माझी त्यांना याहून कमीच ओळख असणार.

आमचं घर ठाण्याला, तळ्यामागच्या आळीत. पुढे ओटी, मागे परसू, परसात विहिरीजवळ एक दगडी ओटा. मामंजी सरकारच्या मोजणी खात्यात नकाशे काढायला होते, ते पेन्शन घेऊन घरी बसले होते. त्यांचा साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा जाताना आपली पितळी दुर्बीण त्यांना देऊन गेला. ती दुर्बीण म्हणजे आमच्या घरातलं एक माणूसच होतं. दिवसा ती जुन्या लुगड्यात गुंडाळून कोनाड्यात असे. दिवेलागणीनंतर मामंजी तिला तीन पायांच्या घोडीवर चढवून दगडी ओट्यावर नेत. एखादा ग्रह वर आलेला असला की तो पाहायचा आणि वहीत त्याचं चित्र काढायचं. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हा नेम चुकत नसे.

कार्तिकातली एक संध्याकाळ होती. सासूबाई देवळात कीर्तनाला गेल्या होत्या. माझे यजमान कलेक्टर कचेरीत कारकून होते, ते अजून यायचे होते. मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होते आणि मामंजी परसात दुर्बिणीपाशी काहीतरी पुटपुटत होते. त्यांनी उपरण्याच्या टोकाने काच पुसली, डोळा लावला, पुन्हा पुसली. असं चार-पाच वेळा झालं. मग एकाएकी म्हणाले,

“कोण आहे तिकडे?”

मी बांगड्या वाजवल्या. उत्तर द्यायची तीच रीत होती.

“सूनबाई का? इकडे ये जरा. इथे डोळा लाव, आणि काय दिसतं ते सांग.”

मी जागची हलले नाही. ते पुन्हा म्हणाले, “अगं ये. कोणी रागावणार नाही. मी सांगतो घरात.”

मी पदर सावरत गेले. एक डोळा मिटायला मला जमेना, तेव्हा तो हाताने झाकून घेतला. आधी काहीच दिसलं नाही, नुसता काळोख. मग काळोखातून एक वाटोळं सरकत आलं आणि मी सगळं विसरून बोलले.

“लिंबाएवढं आहे. पिवळट. त्यावर दोन आडवे पट्टे आहेत, पिंडीवर गंधाची बोटं ओढावीत तसे. आणि शेजारी ठिपके आहेत, एका ओळीत.”

“किती?”

“चार. तीन या अंगाला, एक त्या अंगाला.”

वही मिटल्याचा आवाज आला, तेव्हा मला वाटलं, माझं काही चुकलं. मी मागे झाले. ते ओट्याच्या कडेला बसले होते, वही मांडीवर मिटून ठेवलेली.

“गेलं वर्षभर मी हे पट्टे अंदाजाने काढतोय,” ते म्हणाले. “मला दिसत नाहीत. पेजेतून पाहावं तसं सगळं पांढरं दिसतं. कोणाला सांगितलं नाही.”

पहिल्यांदा त्यांनी हे सांगितलं ते मला, आणि मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

मामंजींना मोतीबिंदू झाला होता. गंमत अशी की जवळचं त्यांना दिसे. पोथी नाकाला लावली की अक्षर न् अक्षर वाचत, घड्याळ डोळ्याला भिडवून वेळ सांगत. लांबचं मात्र सगळं विरघळलेलं. घरात हे कळल्यावर यजमान त्यांच्या मागे लागत, “बाबा, मुंबईला मोठ्या इस्पितळात डोळा दाखवू या.” पण मामंजींच्या थोरल्या भावाचा डोळा एका गावोगाव फिरणाऱ्या वैदूने सुई घालून कायमचा घालवला होता. डोळ्याला हत्यार लावायचं नाव काढलं की मामंजी उठून चालू लागत.

त्या दिवसापासून मी त्यांचा डोळा झाले. सासूबाईंना ते पटलं नाही. सासरा आणि सून अंधारात परसात उभी, शेजारणी काय म्हणतील? यावर मामंजींनी तोड काढली. “तूही येऊन बस,” म्हणाले. मग सासूबाई रोज संध्याकाळी कापसाची टोपली घेऊन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसू लागल्या. आम्ही ग्रह पाहायचो आणि त्या वाती वळायच्या. त्या हिवाळ्यात आमच्या घरी इतक्या वाती झाल्या की त्या साऱ्या आळीत वाटाव्या लागल्या.

सुरुवातीला मी सांगायची आणि मामंजी काढायचे. पण माझं सांगणं त्यांना पुरेना. “पट्टा जाड म्हणजे किती जाड? तुझ्या बांगडीएवढा की करंगळीएवढा?” असे प्रश्न सुरू झाले. शेवटी त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. “तूच काढ.” मला रांगोळीपलीकडे काही काढता येत नव्हतं. त्यांनी वाटीच्या बुडाने वर्तुळं आखून दिली आणि त्यात काय भरायचं ते माझ्यावर सोपवलं. चित्राखाली ग्रहाचं नाव आणि वेळ लिहायची असे, म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला पहिला शब्द ‘गुरू’ हा आहे. दुसरा ‘शुक्र’, आणि तो मी बरेच दिवस चुकीचा लिहीत होते.

पुढच्या वर्षी पावसाळा सरला, आकाश धुतल्यासारखं झालं, आणि गुरू संध्याकाळीच पूर्वेला वर येऊ लागला. पहिल्याच दिवशी मी डोळा लावला आणि म्हटलं, “मामंजी, याच्यावर डाग पडलाय.”

“कसला डाग?”

“वरच्या पट्ट्याच्या वर, बरोबर मध्यावर. लांबट, काकडीच्या बीसारखा. कौलाच्या रंगाचा.”

“काच पुसलीस का?”

मी काच पुसली, तरी डाग तिथेच.

“चुलीपुढून उठून आलीस, डोळ्यापुढे आलं असेल काही,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत मी असलं काही पाहिलेलं नाही. तरी काढून ठेव.” त्यांनी घड्याळ डोळ्याशी नेऊन वेळ सांगितली, ती मी लिहिली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिलं तर डाग नव्हता. गुरू स्वच्छ, नेहमीचे दोन पट्टे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामंजी काही लागेल असं बोलले नाहीत, “होतं असं,” एवढंच म्हणाले. पण ते न बोललेलंच मला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी मी डोळा लावला तेव्हाही तो नव्हता. मी दुर्बीण सोडली नाही. सासूबाई म्हणाल्या, “पानं घ्यायची का?” मी म्हटलं, “एवढ्यात येते.” आणि मग गुरूच्या एका कडेला काहीतरी तांबूस उगवलं. ते हळूहळू आत सरकत आलं. मी मामंजींना हाक मारली. घरातली जेवणं त्या दिवशी खोळंबली. डाग बरोबर मध्यावर आला तेव्हा मी सांगितलं, मामंजींनी वेळ पाहिली, आणि वही माझ्याकडून घेऊन परवाच्या चित्राखालची वेळ डोळ्याशी धरून वाचली.

“दीड तासाने उशिरा,” ते म्हणाले. मग स्वतःशीच बोटं मोजू लागले. मला वाटलं, उशीर झाला म्हणून पुन्हा काही चुकलं. पण ते वर बघून हसत होते.

“सूनबाई, गुरू स्वतःभोवती फिरतो, हे तुला कोणी सांगितलं होतं?”

“नाही.”

“दहा तासांत एक फेरा करतो, थोडासा कमीच. दोन दिवसांत पाच फेरे झाले की हा डाग पुन्हा तिथेच यायला हवा, पण दीड-पावणेदोन तासांनी उशिरा. तसाच आला आहे. हे तुला ठाऊक असणं शक्य नाही. म्हणजे तू खोटं सांगितलं नाहीस आणि तुझ्या डोळ्यांपुढेही काही आलेलं नव्हतं. डाग तिथे आहे!”

ते एवढ्या मोठ्याने बोलले की शेजारच्या घरातला दिवा हलला. सासूबाईंनी वाती बाजूला ठेवून विचारलं, “कोणाला काय डाग लागला?”

त्यानंतर मामंजी सुखात असायला हवे होते, पण नव्हते. रोज माझं चित्र डोळ्याला लावून बघत आणि उसासा टाकत. एकदा म्हणाले, “माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण मला बघायचाय गं तो. वीतभर अंतरावरचं मला दिसतं. गुरूला कोणी वीतभर अंतरावर आणून द्यायला हवं.”

तेव्हा मी त्यांना तारमास्तरांबद्दल सांगितलं.

माझं माहेर कल्याणचं, खाडीच्या बाजूला. वडिलांनी पुढच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या होत्या, तिथे कल्याण स्टेशनातले तारमास्तर बिऱ्हाडाला होते. त्यांना फोटोग्राफीचा भारी नाद. कसल्याशा औषधांनी त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायमची काळी झाली होती. लोक त्यांना विचारत, “मास्तर, रंगाऱ्याचाही धंदा करता काय?” काचेवर ते माणसांची चित्रं काढत. माणसाचं निघतं तर गुरूचं का निघू नये, असा माझा साधा हिशेब.

मामंजी लहान मुलासारखे उतावीळ झाले. तारमास्तरांना पत्र गेलं. काच ओली असतानाच चित्र घ्यावं लागतं आणि लगेच अंधारात न्यावं लागतं, तेव्हा आपण दुर्बीणच इकडे घेऊन या, असं उत्तर आलं. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. सुनेच्या माहेरी सासरा जातो तो बारशाला किंवा लग्नमुंजीला. दुर्बीण घेऊन कोणी जातं का? पण मामंजींनी ऐकलं नाही. यजमानांनी कचेरीतून रजा काढली आणि आम्ही तिघं निघालो.

रेल्वे तेव्हा पाव शतक जुनी झाली होती, तास-दीड तासात कल्याण. पण गाडीच्या हादऱ्यांनी काचा हलतील म्हणून मामंजींनी मचवा ठरवला. भरतीबरोबर आम्ही ठाण्याच्या बंदरातून सुटलो. दुर्बीण दोन गोधड्यांत गुंडाळून मामंजींच्या मांडीवर. मचव्यावरचा कोळी बराच वेळ तिच्याकडे पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “दादानू, यान काय हाय? तोफ हाय का?”

“हो,” मामंजी म्हणाले, “पण आवाज करत नाही.”

उजव्या हाताला मुंब्र्याचा डोंगर मागे पडला, मग नुसती खारटाणं आणि भाताची कापलेली शेतं. मामंजी मला विचारत राहिले, “आता काय दिसतं?” आणि मी सांगत राहिले. यजमान आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. रात्रंदिवस एका घरात राहूनही त्यांनी आम्हाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

माहेरी माझ्या वडिलांची धांदल उडाली. व्याही आले, आता काय करू आणि काय नको! आईने पुरणाचा घाट घातला. मामंजी ओटीवर टेकले आणि पहिलं वाक्य बोलले, “व्याहीबुवा, मला फक्त एक अंधारी खोली हवी. उजेडाचा किरण येता कामा नये, आणि पाणी जवळ हवं.”

वडील आईकडे बघू लागले. आमच्या घरात तशी एकच खोली होती, बाळंतिणीची. भाऊबहीण आम्ही सगळी तिथेच जन्मलो. खिडकीला घट्ट पडदा, कोपऱ्यात मोरी. तारमास्तरांनी ती पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, “याहून चांगली खोली मुंबईच्या स्टुडिओतही मिळायची नाही.” त्यांनी बाटल्या आत नेऊन मांडल्या. त्यांचा वास इतका उग्र की आई नाकाला पदर लावून म्हणाली, “दारू तर नाही ना आणली मेल्याने घरात?” आणि मग आमच्या बाळंतिणीच्या खोलीत गुरूचा जन्म व्हायची सगळी वाट पाहू लागली.

परसात दुर्बीण उभी केली. मास्तरांनी डोळा लावायची काच काढून तिथे आपली पेटी बसवली. अडचण अशी होती की आकाश थांबत नाही. दहा आकडे मोजेपर्यंत काच उघडी ठेवायची, तर तेवढ्यात गुरू सरकणार. दुर्बिणीच्या पाठीवर नेम धरायला एक छोटी दुर्बीण होती. तिच्यातून बघत मोठी दुर्बीण हाताने गुरूबरोबर हलकेच वळवत राहायची, हे काम माझ्याकडे आलं. वर्षभर तेच करत होते मी. पण तेव्हा चुकलं तर पुन्हा धरता येत होतं.

पहिल्या संध्याकाळी मास्तर काच घेऊन खोलीत गेले आणि थोड्या वेळाने पडल्या चेहऱ्याने बाहेर आले. काचेवर नखाने ओरखडावं तशी एक बारीक रेघ होती. माझा हात मागे पडला होता. दुसऱ्या संध्याकाळी मी श्वाससुद्धा घेतला नाही, पण नेमकी मालगाडी आली. कल्याणचं स्टेशन काही फार लांब नव्हतं, जमीन थरथरली आणि काचेवर दोन गुरू उमटले. मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले, “गाडी सुटल्याची तार मीच घेतली होती, मलाच आठवायला नको?”

तिसऱ्या दिवशी गाड्यांच्या वेळा बघून काच लावली. मी मनात आकडे मोजत होते. सात, आठ, नऊ. मास्तर आत गेले. आम्ही सगळी दाराबाहेर उभी, आईसुद्धा. आतून मास्तर ओरडले, “आला! वाटोळा आला!”

काच वाळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी ती घेऊन ओटीवर उजेडात बसले. एका हातात काच, दुसऱ्या हातात भिंग. काचेवर खसखशीच्या दाण्याएवढा एक ठिपका होता. त्यांनी तो असा पाहिला, तसा पाहिला, काच उलटी करून पाहिली. मी दाराआड उभी होते. तासभर गेला असेल. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“हा गुरू आहे,” ते माझ्या वडिलांना म्हणाले. “तुम्ही सांगता म्हणून आहे. खसखस असती तरी मी हो म्हटलं असतं.”

मास्तर बिचारे ओशाळले. “अहो, एवढ्याशा दुर्बिणीला एवढंच येणार. मोठ्या दुर्बिणी असलेल्या साहेबलोकांनासुद्धा याहून फार बरं जमत नसेल.”

“तुमचा काही दोष नाही, मास्तर. तुम्ही त्याला वीतभर अंतरावर आणलात. पण तो फार लहान होऊन आला.” मामंजींनी काच बाजूला ठेवली. मग त्यांनी यजमानांना हाक मारली. “अरे, ते तुझं मुंबईचं इस्पितळ. डॉक्टर बरा आहे म्हणतोस ना?”

यजमान चहाचा पेला हातात घेऊन तसेच उभे राहिले. वर्षभराच्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते एका ठिपक्याने केलं होतं. मी आत जाऊन आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. आईला वाटलं, चित्र बिघडलं म्हणून रडतेय. ती म्हणाली, “उद्या पुन्हा काढा हो, खोली काय, मोकळीच आहे.”

माघात मामंजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. कित्येक दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं पडून राहायचं होतं. यजमान तिथेच राहिले. मी आणि सासूबाई घरी. मला रोज संध्याकाळी परसात जावंसं वाटे, पण मी एकदाही दुर्बीण काढली नाही. कोनाड्याकडे पाहणंही मी टाळत असे. त्यांना मीच तारमास्तरांचं नाव सांगितलं होतं. डोळा गेला असता तर तो माझ्यापायी गेला असता.

ते परत आले तेव्हा नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता. त्यातून त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसे. मी पाय धुवायला पाणी घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

“ही कोण?”

“अहो, सूनबाई,” सासूबाई म्हणाल्या.

“एवढीशी? आवाजावरून मी चांगली थोराड बाई समजत होतो!” आणि ते इतके हसले की डॉक्टरांनी हसायलाही मना केलंय, याची आठवण यजमानांनी त्यांना करून दिली.

त्या वर्षी गुरू उशिरा आला, दिवाळीनंतर. मामंजींनी सकाळपासून दुर्बीण पुसून ठेवली होती. डाग कधी मध्यावर येणार याचं गणित त्यांनी आधीच केलेलं. मी ग्रह धरून दिला आणि बाजूला झाले. ते वाकले. चष्मा आडवा आला, तो काढून माझ्या हातात दिला, पुन्हा वाकले. नळी पुढे-मागे करून बघत राहिले. सासूबाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला.

“आहे,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण काकडीच्या बीसारखा नाही. त्याहून लांब आहे. तू आखूड काढलास.”

“गेल्या वर्षी तेवढाच होता,” मी म्हटलं.

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्याला उलट उत्तर! सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मामंजी सरळ झाले, चष्मा घातला.

“असं म्हणतेस? मग उद्यापासून दोन वह्या. तू तुझं काढ, मी माझं काढतो. काढून होईपर्यंत एकमेकांचं बघायचं नाही.”

तशा दोन वह्या आम्ही पुढे सात वर्षं ठेवल्या. आमची भांडणं त्या वह्यांवरून व्हायची आणि ती घरातल्या सगळ्यांना ऐकू जायची. मामंजी शनीचं कडं नेहमी जाड काढत. मी शुक्राची कोर जरा जास्तच सुबक काढते, हा त्यांचा माझ्यावरचा आरोप होता, आणि तो खराही होता. गुरूवरचा डाग पुढल्या दोन-तीन वर्षांत फिकट होत गेला. माझ्या वहीतून तो आधी नाहीसा झाला. त्यांच्या वहीत त्या जागी पट्ट्याला पडलेली खोलगट वाकण बरेच दिवस दिसते. मी म्हटलं, “मामंजी, दिसत नाही ते काढू नये.” ते म्हणाले, “डाग काढलेला नाही. पट्टा त्याला वाट करून देतोय, ते काढलंय. नीट बघ.” मी नीट पाहिलं. त्यांचंच बरोबर होतं.

मामंजी गेले ते मार्गशीर्षात, दोन दिवसांच्या तापाने. चौदाव्या दिवशी घरातले पाहुणे पांगले. संध्याकाळी मी दुर्बीण काढून परसात नेली. वही उघडली, वर्तुळ आखलं, पण हात चालेना. मागे पावलं वाजली. सासूबाई होत्या. त्या येऊन ओट्यावर बसल्या, माझ्या अगदी जवळ.

“आज काय दिसतंय?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी शनी धरलेला होता. मी त्यांना कडं सांगितलं, त्याची सावली सांगितली, शेजारचा एक बारीक ठिपका सांगितला. सांगताना मला कित्येकदा थांबावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “आता काढ. मी बसते इथे.”

मी काढलं.